दांडी वर

बाळाराम दळवींनी मला पहिल्या भेटीतच मुस्काटात भडकावली. ओळख नंतर झाली.

मी तेव्हा पोलादपूरला पंचायत समितीत नुकताच बदलून आलो होतो. राहायला महाडला एक खोली घेतली होती आणि रविवारचं करायचं काय, हा प्रश्न होता. ऑफिसातला एक शिपाई जवळच्या कापडे गावचा. तो म्हणाला, आमच्याकडे नदीच्या डोहात एक म्हातारा दर आयतवारी पाठीवर सिलिंडर बांधून उतरतो, अर्धा-पाऊण तास खाली राहतो आणि हात हलवत वर येतो. मासे नाहीत, वाळू नाही, कुणाचं पडलेलं-बुडालेलं नाही. नुसता जाऊन येतो. ते 'नुसता' माझ्या डोक्यात राहिलं आणि पुढच्या रविवारी मी मोटारसायकल काढली.

डोहाशी पोचलो तर माणूस दिसेना. कातळावर एक गोणपाट अंथरलं होतं आणि त्यावर सगळा संसार ओळीने मांडलेला होता. पोपडे निघालेले दोन जोड-सिलिंडर, काळ्या रबराच्या चुणीदार दोन नळ्या, अंड्याच्या आकाराची काच बसवलेला मुखवटा, ताडपत्रीच्या कापडाचे पट्टे, कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा. सिलिंडरच्या कडेने एक बारीक लोखंडी दांडी खाली आली होती आणि तिच्या टोकाला तारेचं कडं होतं. कडं दिसलं की माणूस ओढतो. मी ओढलं. वर कुठेतरी खट् झालं आणि त्याच क्षणी माझ्या कानाखाली आवाज निघाला.

वळून बघतो तर साठी ओलांडलेला एक आडदांड माणूस. अंगात बाह्या कापलेला लोकरीचा स्वेटर, खाली अर्धी चड्डी. मला वाटलं आता शिव्या देईल. पण मारून झाल्यावर त्याचा चेहरा एकदम स्वच्छ झाला होता. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि जणू मी शिकायलाच आलोय अशा सुरात त्याने ती दांडी मला समजावून सांगितली.

हे यंत्र जुनं. हवा किती उरली हे दाखवणारा काटा याला नाही. खाली हवा संपत आली की श्वास जड होतो, तोंडावर कुणी उशी दाबतंय असं वाटतं. तेव्हा हात मागे घालायचा आणि ही दांडी खाली ओढायची. मग तळाशी राखून ठेवलेली हवा सुटते. पाच-सात मिनिटांची. तेवढ्यात वर यायचं. म्हणून पाण्यात जाताना दांडी वर असलीच पाहिजे. ती आधीच खाली असेल तर राखीव काही राहतच नाही. श्वास जड झाला की संपलं. आणि दांडी असते पाठीवर, घालणाऱ्याला दिसत नाही. म्हणून काठावरच्या माणसाने बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, 'दांडी वर'.

"आता तुला कळलं," ते म्हणाले. "कळलेला माणूस मला बरा. दोर धरशील काय रे?"

आणि मी धरला. गाल चुरचुरत असताना धरला. पुढची सहा वर्षं धरला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढं खरं की त्या दिवशी दोराला खालून पहिली ओढ आली तेव्हा मी गाल विसरलो होतो. एक ओढ म्हणजे 'ठीक आहे ना'. उलट एक दिली की 'ठीक'. चार म्हणजे 'वर घे'. बाकी भाषा नव्हती आणि लागलीही नाही.

दळवीकाकांनी उमर मुंबईच्या गोदीत काढली होती. जहाजांचे तळ खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, एखादी बुडालेली मालाची होडी वर काढायची. पुढे नव्या पद्धतीची यंत्रं आली आणि मालकाने जुनी भंगारात काढली, तेव्हा हे सामान त्यांनी मागून घेतलं. पाणबुड्याचं दोन नळ्यांचं यंत्र, सिलिंडर, एक हवा भरायचा कॉम्प्रेसर, सगळं टेम्पोत घालून गावी आणलं. भाताची थोडी शेती होती, ती भावकीच्या बांधाला बांध लागून. कॉम्प्रेसर गोठ्यात बसवला. शनिवारी दुपारी तो धडधडायला लागला की वाडीतल्या म्हशी दूध चोरतात अशी तक्रार होती, पण ती त्यांच्या तोंडावर करायला कुणी जात नसे.

कारण हात. काकांना राग यायला कारण लागत नसे आणि वेळ तर नसेच. एसटीच्या वाहकाला त्यांनी खाली ओढून मारलं होतं, कारण त्याने सामानाच्या बोचक्याला पाय लावला. बांधावरून बोलाचाली झाली म्हणून चुलतभावाच्या बैलगाडीच्या जूचे कुऱ्हाडीने दोन तुकडे केले. दार अडकलं तर उघडायच्या ऐवजी लाथ घालायचे. त्यांच्या घराच्या तीन दारांना खालच्या फळ्या नव्या होत्या. गावात कुणी त्यांची टर उडवली तर ती फार हळू आवाजात आणि लांबून. मलाही 'दांडी वर' म्हणायला उशीर झाला की टपली बसायची. नाव कधी घेतलं नाही. मी कायम 'कारकुना'.

हाच माणूस रबराच्या नळ्यांना पावडर लावायचा. लहान मुलांची असते ती. प्रत्येक चुणीत बोट घालून, हलक्या हाताने, पुटपुटत. रबर सुकलं की चिरतं, चिरलं की पाणी आत येतं, असं कारण होतं. पण कारणापेक्षा जास्त वेळ ते लावत बसायचे. त्यामुळे एवढा दांडगा माणूस जवळ आला की न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास यायचा. मला त्याची आधी गंमत वाटे, पुढे पुढे भीती वाटायला लागली, कारण त्या वासामागून काय येईल याचा नेम नसे.

एकदा मी विचारलं की खाली जाऊन करता काय. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"वर असताना मी माणूस नाय रे," ते म्हणाले. "खाली असतो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गोदीत नवीन असताना बाकीच्यांना एक सिलिंडर चाळीस मिनिटं पुरायचा आणि यांचा वीस मिनिटांत संपायचा. मुकादम म्हणाला, तू रागाने श्वास घेतोस. रागाला हवा फार लागते. पोट भरायचं तर राग काठावर ठेवून जावं लागेल. ते शिकायला त्यांना दोन वर्षं लागली, पण शिकले. पाण्यात गेलं की आतलं सगळं थंड व्हायचं. वर आलं की काठावर ठेवलेलं परत अंगावर चढायचं. नोकरी संपली तसा हा थंडावाही संपला आणि मग त्यांना कळलं की आपण कामासाठी पाण्यात जात नव्हतो.

सुभद्राकाकी, त्यांची बायको, हेच दुसऱ्या बाजूने सांगायची. ती किरकोळ अंगाची, बोलायला सावकाश, डोळ्याने सगळं टिपणारी. "आयतवारी ह्यांना बुडवून आणता ना भाऊ," ती मला एकदा चहा देताना म्हणाली, "मंग बुधवारपर्यंत घर शांत असतं." बुधवारनंतर काय असतं ते मी विचारलं नाही. तिची डावी करंगळी वाकडी होती. मुलगी खेडला दिलेली, ती माहेरपणाला येत नसे. हे सगळं समोर होतं आणि मी दोर धरून बसत होतो, याची आता लाज वाटते.

पण खालचा माणूस मी पाहिलेला आहे. एका उन्हाळ्याआधी, पाणी काचेसारखं असताना, त्यांनी मला कडेच्या उथळ भागात खाली नेलं. गोदीतून आणलेलं दुसरं एक यंत्र माझ्या पाठीवर बांधलं. मी खाली जाताच धडपडायला लागलो. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. तोच हात, तोच गाल. नुसता ठेवला आणि दुसऱ्या हाताने आपल्या छातीवर सावकाश वर-खाली करून दाखवलं, असा घे, असा सोड. माझा श्वास बसेपर्यंत हात काढला नाही. मग आम्ही दोघे तळाच्या दगडाला धरून पडून राहिलो. बारके मासे येऊन त्यांच्या टाचांच्या भेगा टोचत होते आणि ते पाय जराही हलवत नव्हते. काचेमागचे ते डोळे मी कधी विसरणार नाही. इतका निवांत माणूस मी वर बघितलेला नाही.

पुण्याहून तिघे आले होते, त्यांची गोष्ट गावात अजून सांगतात. कुणाकडून तरी जुन्या यंत्राबद्दल ऐकून आले. त्यांच्याकडे सगळं नवंकोरं, मनगटावर हवा मोजणारी घड्याळं. काकांचा स्वेटर बघून त्यांना हसू आवरेना. काका काही बोलले नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटलं. चौघे उतरले. दहा मिनिटांत दोघे बुडबुड्यांसारखे वर आले, तिसरा नाही. झालं होतं असं की डोहाच्या घळीत एक पाणदिवड त्याच्या काचेसमोरून गेली. बिनविषारी बिचारी. याने घाबरून मुखवटाच ओरबाडला आणि तोंडातली नळी सोडली. काकांनी त्याला धरला तर याने काकांच्याच तोंडावर लाथा घातल्या. तेव्हा काकांनी त्याच्या पोटात एक गुद्दा घातला, तो लुळा पडला तसं आपली नळी त्याच्या तोंडात कोंबली आणि दोघं आळीपाळीने श्वास घेत, अगदी सावकाश वर आले. कातळावर आणून त्याला पालथा घातला, पाणी काढलं. तो रडायला लागल्यावर त्याच्या एक मुस्काटात दिली. मग उठून बाकीच्या दोघांच्या दिल्या.

"त्याला घाबरला म्हणून," ते म्हणाले. "तुमाला त्याला टाकून आलात म्हणून."

तिघांनी पाया पडून निरोप घेतला. जाताना एकाने नवं घड्याळ देऊ केलं. काकांनी ते पाण्यात फेकलं.

आता सुरेशचं सांगायला हवं. सुरेश म्हणजे तोच चुलतभाऊ, ज्याच्या गाडीचं जू काकांनी तोडलं होतं. तो आणि त्याच्या ओळखीचे काही जण कुठल्यातरी खाणीवरून जिलेटीनच्या कांड्या मिळवायचे आणि डोहात उडवून मासे मारायचे. एका बाराने डोहातलं सगळं जिवंत पांढरं पोट वर करून तरंगतं. काकांनी त्याला दोनदा बजावलं होतं. बजावलं म्हणजे एकदा तोंडाने आणि एकदा काठीने. मग ठरलं की आयतवारी कुणी डोहाकडे फिरकायचं नाही. तसं चारचौघांत ठरलं होतं.

होळीच्या आधीचा रविवार. काका खाली जाऊन वीसेक मिनिटं झाली होती. दोर माझ्या हातात ढिला होता. वरच्या अंगाला डोह वळतो, तिथल्या खडकावर मला दोघे दिसले. एक वाकलेला. त्याच्या तोंडातली विडी हातात गेली आणि हातातल्या कशाला तरी टेकली. मी ओरडलो. ओरडताना दोर ओढत होतो, चार, पुन्हा चार, मोजायचं भान नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तरीही फेकलं. फेकायचंच होतं, पेटलेली वात हातात कोण ठेवील.

आवाज फार मोठा झाला नाही. पायाखालचा कातळ हलला, वळणापलीकडे पाण्याचा खांब उठला आणि माझ्या हातातला दोर क्षणभर ताठ होऊन सैल पडला. मग मासे वर यायला लागले. मी दोर ओढत होतो आणि माझ्याभोवती मासेच वर येत होते. काका आले तेव्हा मुखवट्याच्या काचेत आतून रक्त होतं.

मला वाटलं ते कोसळतील. ते चालत बाहेर आले. पायातली रबरी वल्ही तशीच फटक फटक वाजवत वळणाकडे गेले. नाकातून आणि डाव्या कानातून रक्त गळत होतं. जाता जाता त्यांनी कमरेचा शिशाचा पट्टा सोडून हातात घेतला. दुसरा पळाला. सुरेशला पळता आलं असतं, पण तो मासे सोडवेनात म्हणून पोतं भरत होता. पहिला फटका त्याच्या उजव्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी इतक्या लांबून ऐकला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्या फटक्याला मी काकांना मागून मिठी घातली आणि त्यांनी मला मासळीसारखं झटकून टाकलं. शेवटी सुरेश पाण्यात पडला, म्हणून वाचला. काका पट्टा उगारून काठावर उभे राहिले आणि पाण्यात उतरेनात. रागात पाण्यात जायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

फिर्याद झाली नाही. सुरेशला कांड्यांचं सांगता येईना आणि काकांना पट्ट्याचं. सरकारी दवाखान्यात दोघांनीही 'पडलो' असं सांगितलं. सुरेशचा हात पुढे कधी सरळ झाला नाही. काकांच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. महाडच्या कानाच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आता पाणी बंद. कानात पाणी गेलं तर भोवळ येईल, खाली काय आणि वर काय ते कळणार नाही, तिथेच राहाल.

दोर गुंडाळून माळ्यावर गेला. मी काही रविवार गेलो, मग जाणं कमी केलं, कारण ते घर बघवेना. थंड होण्याची जागा बंद झाली होती आणि आग तेवढीच होती. पावसाळ्यात काका घरात कोंडले गेले. श्रावण संपता संपता काकी पोलादपूरला माझ्या ऑफिसात आली. ती आजवर कधी आली नव्हती. भुवईवर सहा टाके होते. मी बघतोय हे बघून ती म्हणाली, पडले. मग माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसली, पदराने हात पुसले आणि म्हणाली, ह्यांना परत पाण्यात घाला.

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

"डाक्टरला त्यांचा कान दिसतो, भाऊ," ती म्हणाली. "मला माझं डोकं दिसतं. तांब्या होता म्हणून टाक्यांवर भागलं. पुढल्या बारीला पाटा असंल."

तिच्या जिवाला तिथे जो धोका होता तो तिने सांगितला होता आणि दुसरीकडे एका माणसाचा कान होता, फार तर जीव. तो जीव ज्याचा होता तो पाण्यात जायला तळमळत होता. मी दसऱ्यानंतर बघू म्हणालो. ती म्हणाली, दसऱ्यालाच.

दसऱ्याला आपल्याकडे हत्याराची पूजा असते. विळा, कोयता, नांगर, ज्याचं जे असेल ते. काकांचं हत्यार म्हणजे ते यंत्र. दर वर्षी ते स्वतः धुऊन पुसून ओटीवर मांडत आणि काकी हळदकुंकू वाही, फुलं लांबूनच ठेवी, कारण हात लावायची तिला बंदी होती. त्या वर्षी तिने माळ केली. झेंडूची, भरगच्च, पुरती हातभर. आणि काका कॉम्प्रेसरपाशी असताना तिने ती सिलिंडरला बांधली. बांधायला सगळ्यात सोयीचं काय, तर ते तारेचं कडं. कड्यात माळ ओवली, खालून ओढून घट्ट गाठ मारली आणि फुलं वर चढवून दांडीला वेढा दिला. ओढताना दांडी खाली आली असणार. खट् झालं असेल, पण गोठ्यात कॉम्प्रेसर धडधडत होता. आणि ऐकू आलं असतं तरी तिला त्याचा अर्थ कुणी सांगितला होता?

दुपारी मी त्यांच्या घरी जाऊन सामान उचललं आणि आम्ही डोहावर गेलो. सात महिन्यांनी. सोन्याचं पान द्यावं तशा मायेने त्यांनी नळ्यांना पावडर लावली. कानात तेलाचा बोळा घातला. माळ काढू का, मी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. तिने म्हटलंय आजचा दिवस राहू दे, असं म्हणाले. बायकोचं एक वाक्य मानल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला बरं वाटलं. ते पाठ करून उभे राहिले. मी फुलं बघितली. पिवळीजर्द, ताजी. दांडी त्यांच्यात गडप झाली होती. सहा वर्षं मी हे दोन शब्द म्हणत आलो होतो.

"दांडी वर," मी म्हणालो.

"वर," ते म्हणाले आणि उतरले.

पहिली चाळीस मिनिटं दोर बोलत होता. एक ओढ, उलट एक. झेंडूच्या सुट्या पाकळ्या वर येऊन तरंगत होत्या. मग दोर गप्प झाला. मी एक ओढ दिली, उत्तर नाही. दुसरी दिली. आणि एकदम खालून हिसके आले, चार नाही, कितीतरी, वेडेवाकडे, कुणीतरी दोराशी मारामारी करतंय असे. मी दोर कातळाच्या खुंटीला वेढा घालून ओढला. हाताची साल निघाली. आडदांड माणसाचं वजन, शिशाचं वजन, लोखंडाचं वजन, आणि मदतीला तिसरं कुणी नव्हतं.

ते आले तेव्हा ओठ काळेनिळे होते. तोंडातली नळी सुटली होती. मी पट्टा कापला, पालथं घातलं, पाठीवर बुक्क्या मारल्या. पाणी निघालं, मग श्वास निघाला, आरीने लाकूड कापावं तसा. बऱ्याच वेळाने ते उठून बसले. कान फुटून पुन्हा रक्त येत होतं. त्यांनी सिलिंडर पुढ्यात ओढला, भिजलेली फुलं चिमटीने बाजूला केली आणि खाली बसलेली दांडी बघितली.

"माळ ह्या कड्यात कुणी बांदली?"

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. ती ओटी, ती किरकोळ बाई, भुवईवरचे टाके. तो पाटा. हा माणूस आता उठेल आणि इथून पाऊण कोसावर घर आहे. आणि खोटं असं मला फार बोलावंही लागणार नव्हतं. दांडी बघणं माझं काम होतं. मी बघितली नव्हती.

"मी," मी म्हणालो.

त्यांनी पहिला गुद्दा मारला तेव्हाच माझे दोन दात गेले. मी पडलो. मग लाथा, बरगडीत, पाठीत, पोटात. माझ्या तोंडात रक्ताबरोबर झेंडूची पाकळी आली होती, एवढं आठवतं. मी हात वर केले नाहीत. प्रत्येक लाथेला मनात म्हणत होतो, ही इथे संपली, घरापर्यंत जाणार नाही. आणि त्याच वेळी मला त्या माणसाचा इतका राग आला होता की हाताला दगड लागला असता तर मी तो घातला असता. दोन्ही खरं आहे.

थांबले ते आपणहून. भोवळ आली आणि मटकन बसले. मग सामान पाठीवर घेऊन, झोकांड्या खात, मागे न बघता वाटेला लागले. मी पोलादपूरला डॉक्टरकडे गेलो. काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पडलो.

मी परत गेलो नाही. त्यांनीही निरोप धाडला नाही. शिपायाला मी एकदाच विचारलं, काकी बरी आहे का, आणि तो बरी आहे म्हणाला. वर्ष गेलं. आंबेनळी घाटाच्या बाजूला एका शाळेच्या भिंतीची पाहणी होती, तिथून परतताना रविवारच होता. मोटारसायकल कापड्याच्या फाट्याला आपोआप वळली म्हणणं खोटं होईल. मी वळवली.

कातळावर गोणपाट होतं आणि त्यावर सुभद्राकाकी बसली होती. पुढ्यात सुपात पावटे, आणि उजव्या मनगटाला दोराचे दोन वेढे. मी आल्याचं तिला नवल वाटलं नाही. बस म्हणाली. डोहाच्या कडेला, दीड-दोन पुरुष खोल पाण्यात, बुडबुडे येत होते. निवळ पाणी होतं. तळाशी स्वेटरातली ती रुंद पाठ आणि दोन सिलिंडर दिसत होते. दगडाला धरून पालथे पडलेले काका. खोल जात नाहीत आता, ती म्हणाली, कान साथ देत नाय. एवढ्यातच बसतात.

मी काही विचारायच्या आधीच तिने त्या दसऱ्याचं सांगितलं. काका घरी आले, घरात आले नाहीत, ओटीवर बसले. ती दारात उभी होती. सिलिंडरची दांडी तिने बघितली नव्हती, पण त्यांच्या हातावरचं रक्त बघितलं आणि ते कोणाचं हे ओळखलं.

"त्यांना डोहावरच कळलं होतं, भाऊ. माळ माज्या लुगड्याच्या सुतानं ओवलेली. माजी गाठ त्यांना कळंना व्हय?" तिने एक शेंग सोलली. "मला म्हणाले, आज तुझा मार कारकुनानं खाल्ला. तुला मारलं असतं तर तू जिती राहिली नसतीस."

जीभ दातांच्या खिंडीत गेली. म्हणजे खोटं त्यांनी ओळखलं होतं, आणि ओळखून घेतलं होतं, आणि मला पुरेपूर दिलं होतं. मला त्यांची कीव आली नाही. क्षमाही केली नाही, आजही केलेली नाही. पण पाण्यातली ती पाठ बघताना मी तिचे बुडबुडे मोजत होतो, तेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती म्हणाली, त्यांनी तिला ओटीवर बोलावलं आणि यंत्र पुढ्यात ठेवलं. दांडी वर म्हणजे काय, खाली म्हणजे काय, ओढ किती, सगळं शिकवलं. हात धरून शिकवलं. दुसऱ्या कुणाला दोर धरायला बोलवायचं नाही म्हणाले. तेव्हापासून आयतवारी तीच येते.

"आणि हात?" मी विचारलं.

"एकदा उचलला. मकरसंक्रांतीच्या टायमाला." तिने पाण्याकडे बघितलं. "म्या काय बोलले नाय. आयतवारी हितं आलो, ते पाठ करून उभे राहिले. म्या दांडी बघितली आणि लई वेळ काय बोललेच नाय. ते तसेच उभे. मंग सांगितलं. त्याच्यानंतर नाय उचलला."

मी तिच्याकडे बघितलं. भुवईवरचा व्रण पांढरा पडला होता. वाकडी करंगळी दोरावर होती.

"त्यांना दिसत नाय ना," ती म्हणाली. "मी सांगीन तेच."

"आज?"

"आज वर हाय," ती म्हणाली आणि पावट्याची दुसरी शेंग घेतली.

मी उठलो. काका वर येईपर्यंत थांबायचं नाही, हे मी बसतानाच ठरवलं होतं. चार पावलं जाऊन मागे वळून बघितलं. काकीने मनगट वळवून दोर एकदा ओढला. पाठ हलली नाही, पण त्या रुंद पाठीखालून एक हात निघाला, दोरापर्यंत गेला आणि लगेच उलट एक ओढ आली.